घाट चढला की बॅटरी बसते?

"इलेक्ट्रिक गाडी लोणावळ्याला नेऊ नका, घाटातच बॅटरी बसेल." २०२० च्या जानेवारीत टाटा नेक्सॉन ईव्ही आली तेव्हापासून हे ऐकतोय. निव्वळ ही धास्ती घेऊन लोक रोजच्या वापराला सोयीची गाडी नाकारतात, याचं वाईट वाटतं.

हिशोबच करू. खोपोली ते लोणावळा चढ सुमारे ५५० मीटर. चार माणसं, सामान धरून गाडी १,७०० किलोची. एवढं वजन तेवढं वर न्यायला लागते अडीच युनिट वीज. वाया जाणारी धरली तरी तीन. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी होती ३०.२ युनिटांची. म्हणजे घाटाचा जादा खर्च दहा टक्क्यांच्या आसपास.

शिवाय उतरताना मोटरच जनरेटर होते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी मागून कुणी धरल्यासारखी हळू होते आणि खर्चलेल्यातली थोडी वीज बॅटरीत परत येते. फक्त लोणावळ्याहून शंभर टक्के चार्ज करून उतरू नका. भरल्या बॅटरीत ती वीज घ्यायला जागाच नसते, सगळा भार ब्रेकवर येतो.

बॅटरी खरी खातो तो वेग. ताशी ८० ऐवजी १०० ने दामटली, की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.