सचेतन शस्त्र (टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील)

सचेतन शस्त्र : टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रांच्या भूमिका करून खेळायच्या खेळांत, ज्या जादुई शस्त्राला स्वतःची बुद्धी, स्वभाव आणि इच्छा असते ते. बहुतेक वेळा ती तलवार असते. त्रिशूळ, घण, क्वचित धनुष्यही असते. साधी जादुई तलवार जरा जास्त लागते, एवढाच तिचा गुण. घाव कोणावर घालावा याबद्दलही सचेतन तलवारीचे मत असते, आणि ते ती बोलून दाखवते. अशा शस्त्राची भूमिका डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, करतो. त्यामुळे खेळाडूच्या कमरेला चोवीस तास डीएमच लटकलेला असतो. या प्रकारातल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

ही कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये निघाला, तेव्हाच त्यातल्या जादुई तलवारींना बुद्धी, अहंकार आणि धर्म-अधर्माचा कल दिलेला होता. भलत्या कलाच्या माणसाने तलवार उचलली तर त्याला इजा होई. १९७९ मध्ये लॉरेन्स शिक यांच्या ‘व्हाइट प्लूम माउंटन’ या साहसात, म्हणजे खेळण्यासाठी तयार लिहिलेल्या कथानकात, तीन सचेतन शस्त्रे आली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांनाच नमुना मानले : आत्मे गिळणारी काळी तलवार ब्लॅकरेझर, समुद्रदेवाचा भक्त त्रिशूळ वेव्ह आणि राक्षसांचा वैरी घण व्हेल्म. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्राच्या अहंकाराचा आकडा हाच त्याला आवरण्यासाठी फाशावर गाठायचा आकडा झाला.

इथे घेतले आहेत ते पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या डीएम-पुस्तकातले नियम. त्यांत शस्त्राला बुद्धिमत्ता, शहाणपण आणि करिश्मा असे तीन गुण मिळतात. शंभरांतली साठ शस्त्रे बोलत नाहीत, केवळ भावना पोचवतात; तीस बोलतात; उरलेली दहा बोलतातही आणि मनातल्या मनात संवादही साधतात. शस्त्राला एक उद्दिष्ट असते. धारक त्याच्याविरुद्ध वागला की संघर्ष होतो आणि धारकाला करिश्म्याचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो. गाठायचा आकडा १२ अधिक शस्त्राच्या करिश्म्याचा बोनस (म्हणजे गुणावरून ठरणारी भर). हुकला तर शस्त्र मागणी करते : माझे काम कर, मला न आवडणारी अमकी वस्तू टाकून दे, मला सतत जवळ बाळग, नाहीतर मला दुसऱ्या कोणाच्या हाती दे. मागणी नाकारली तर ते आपली शक्ती आवरून घेते किंवा सरळ ताबा घ्यायला बघते. तिथेही फासा फसला तर धारक १ ते १२ तास त्याच्या हुकमात राहतो. मार बसला की सुटकेची आणखी एक संधी मिळते, आणि एकदा हा डाव टाकला की पुढच्या पहाटेपर्यंत शस्त्राला तो परत टाकता येत नाही.

हे कागदावर बरे दिसते, पण हिशेब करून पाहावा. शस्त्राचा करिश्मा १६, बोनस ३, म्हणजे आकडा १५. तलवार ज्याच्या हाती शोभते त्या योद्ध्याने करिश्म्याकडे दुर्लक्षच केलेले असते. त्याचा गुण १०, बोनस शून्य. वीस बाजूंच्या फाशावर त्याला १५ किंवा जास्त हवे. दहांतल्या सात वेळा तलवारच जिंकणार. जिभेवर जगणाऱ्या भाटाला तीच तलवार ऐकते, पण त्याला तिचा तितकासा उपयोग नाही. डीएमने हा हिशेब आधी केला नाही, तर दोन सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या दोन बैठकींत, खेळाडूच्या लक्षात येते की आपण तलवार बाळगत नसून तलवारच आपल्याला बाळगते आहे. ग्वाल्हेरच्या एका टेबलावर एका संध्याकाळी, खेळातल्या वेगवेगळ्या दिवशी, असा ताबा तीनदा घेतला गेला. तिसऱ्या वेळी खेळाडूने फासे डीएमकडे सरकवले आणि मोबाइल काढला. कोणी भांडले नाही, पण पुढच्या रविवारी तो आला नाही.

याच टेबलावर पुढे जे जमले ते सांगण्याजोगे आहे. टेबल लष्करातल्या एका जुन्या मराठी घरातले. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि उठलीच नाही ती वस्ती. अशा घरांतले आजी-आजोबा जपून ठेवलेली मराठी बोलतात आणि नातवंडे अर्धी हिंदी. डीएमने नवी तलवार आणली ती शमीच्या ढोलीत दडवलेली, एका घराण्याच्या देवघरातून नाहीशी झालेली. (शमी ग्वाल्हेरकरांना समजावून सांगावी लागत नाही. दसऱ्याला शिंदे घराण्याचा प्रमुख शमीला तलवार लावतो आणि जमलेले लोक पाने सोने म्हणून लुटतात, हे इथे सगळ्यांनी पाहिलेले असते.) ती ज्याच्या हाती होती तो खेळातला चोर; त्यानेच ती लांबवून ढोलीत लपवली होती, आणि हे त्याच्याखेरीज फक्त डीएमला ठाऊक होते. तलवारीला आवाज दिला तो आजीचा. सोबत्यांनी विचारले, कुठली रे ही? चोर म्हणाला, “कुठली मतलब? बाजारात मिळाली, सस्त्यात.” डीएमने त्याच्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीत होते : “सस्त्यात नव्हे, स्वस्तात. आणि बाजारात नव्हे, चिरंजीव, देवघरात.” बाकीच्यांना काहीच कळले नाही, फक्त त्याचा चेहरा उतरलेला दिसला. फासा टाकलाच गेला नाही. पुढची चार सेशन्स तो खोटे बोलण्याआधी मूठ चाचपून पाहत असे.

यात जमले ते एवढेच की तलवारीची इच्छा खेळाडूच्या स्वतःच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवत होती. ‘सर्व दुष्टांचा नाश कर’ असले उद्दिष्ट दिले तर तलवार भाषण करते आणि लोक चहा घ्यायला उठतात. ‘मला घरी ने’ ही मागणी लहान आहे, पण ती पुरी करायची तर चोराला आपण चोर आहोत हे कबूल करावे लागते. दुसरा गुण चिठ्ठीचा. शस्त्र मोठ्याने बोलू लागले की टेबलावर डीएम एकटाच बोलत राहतो. सेशनमागे दोन-तीन वाक्ये पुरतात, आणि त्यांतले एखादे चुकीच्या वेळी यावे. व्हेल्म या घणाची रीत इथे शिकण्यासारखी आहे. ड्वॉर्फ या कल्पित बुटक्या लोकांनी घडवलेला हा घण धारकाला उघड्या आभाळाची भीती लावतो. दिवसा आभाळाखाली त्याचे सगळे फासे पडते येतात. निर्णय मात्र धारकाचेच राहतात.

मराठी खेळाडूला या कल्पनेसाठी फार दूर जावे लागत नाही. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांनी दिलेली अस्त्रे हात जोडून रामापुढे उभी राहतात, आम्ही तुझे किंकर आहोत म्हणतात आणि तो सांगतो तेव्हा निघून जातात. हे आज्ञाधारक टोक. नारायणास्त्राची तऱ्हा वेगळी : जो जितका प्रतिकार करील तितके ते त्याच्यावर भडकते, आणि शस्त्र खाली ठेवणाऱ्याला सोडून देते. पण खरे सचेतन शस्त्र कर्णपर्वात आहे. खांडववनात आई गमावलेला अश्वसेन नाग कर्णाच्या बाणात शिरतो. कर्णाला त्याचा पत्ता नसतो. कृष्ण रथ खाली दाबतो, बाण अर्जुनाचा फक्त मुकुट नेतो. मग तो नाग परत येऊन सांगतो की मी कोण आहे हे जाणून मला पुन्हा सोड, आणि कर्ण नकार देतो : दुसऱ्याच्या बळावर मला जिंकायचे नाही, एकच बाण दोनदा लावायचा नाही, असे शंभर अर्जुन मरणार असले तरी. शस्त्राचे उद्दिष्ट आणि धारकाचे उद्दिष्ट एकच आहे, शत्रूही एकच, तरी धारक नाही म्हणतो. नियमपुस्तके संघर्ष धरतात तो उद्दिष्टे वेगळी असताना. इथे तो ती जुळल्यावर झाला आहे. अशी पाळी खेळाडूवर आणणारा डीएम विरळा.

निरोपाचीही सोय आधी लावावी लागते. ताकदवान शस्त्र काढून घेतले की खेळाडूला आपल्या पात्राच्या नोंदींचे पान फाडल्यासारखे वाटते, म्हणून ते त्याने स्वतः द्यावे असा रस्ता हवा, आणि बदल्यात काय उरणार हे डीएमला माहीत हवे. लष्करातल्या त्या खेळात तलवार अखेर देवघरात गेली. चोराकडे उरले ते रिकामे म्यान, आणि डीएमच्या वहीत तिच्या पानावर तिने सुधारलेल्या शब्दांची यादी : सस्ता, मतलब, जल्दी.