पाळीव सापाच्या पिल्लाचा आहार

अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण वर्षाचे होईपर्यंत सापाला भक्ष्य देण्याची पद्धत. ही नोंद बॉल पायथन (मूळ पश्चिम व मध्य आफ्रिका) आणि कॉर्न स्नेक (मूळ अमेरिकेचा आग्नेय भाग) या दोन बिनविषारी जातींपुरती आहे. नाग, धामण, अजगर, मांडूळ अशा इथल्या सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना घरात ठेवणे गुन्हा आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात सापाचे पिल्लू दिसले, तर त्याला बरणीत घालून खाऊ घालत बसू नये. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. बॉल पायथन 'साइट्स' (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे याच अधिनियमाच्या १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकत घेताना ही कागदपत्रे आधी पाहावीत.

उष्णता आणि पचन : साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून ती टिकवू शकत नाही. गिळलेला उंदीर पचवायला लागणारी ऊब त्याला बाहेरूनच मिळवावी लागते. ती कमी पडली तर पचन मंदावते, भक्ष्य पोटात सडू लागते आणि साप ते ओकून टाकतो. म्हणून पिल्लाला काय द्यायचे हे ठरवण्याआधी त्याला ठेवायच्या पेटीचे तापमान नीट बसवावे. बॉल पायथनला उबदार टोकाशी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाशी २५ ते २७ अंश लागते. कॉर्न स्नेकला उबदार टोकाशी २८ ते ३० अंश पुरते. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) पेटीच्या खालून, तळाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापेल अशी बसवावी. ती थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही चालवू नये, सापाचे पोट भाजते. 'मुंबईत काय, बाराही महिने उकाडाच' असे गृहीत धरून मॅट टाळली जाते, पण रात्रभर २२ अंशांवर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये पेटी पिल्लाला पचन जमणार नाही इतकी गार होते. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही तेच घडते.

भक्ष्य : पांढरे उंदीर, तेही अख्खे. हाडे, यकृत, आतडी यांतून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळतात, त्यामुळे वेगळी पावडर लागत नाही. चिकन-मटणाच्या बिनहाडाच्या तुकड्यांवर वाढवलेल्या पिल्लाची हाडे कमकुवत होतात. दूध तर देऊच नये. साप सस्तन प्राणी नाही आणि दूध हे त्याचे अन्न नाही. नागपंचमीला दूध पिताना दिसणारा साप बहुधा अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो. गटारातला किंवा चाळीच्या जिन्याखाली पकडलेला उंदीरही देऊ नये. मुंबईत उंदरांसाठी सर्रास विष टाकले जाते आणि विष खाल्लेला उंदीर सापालाही मारू शकतो. शिवाय त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसची लागण हाताळणाऱ्या माणसाला होते. पालीही देऊ नयेत, त्यांच्यातून परजीवी येतात.

भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी, फार तर किंचित जास्त. बॉल पायथनच्या पिल्लासाठी वजनाचा हिशेब सोपा आहे : शरीराच्या १० ते १५ टक्के. म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅमचे भक्ष्य, दर ५ ते ७ दिवसांनी. कॉर्न स्नेकचे नवजात पिल्लू पेन्सिलीहून बारीक असते. त्याला एक 'पिंकी', म्हणजे उंदराचे केस न फुटलेले गुलाबी पिल्लू, दर ५ ते ७ दिवसांनी पुरते. दर आठवड्याला एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घेऊन वहीत लिहावे. स्वयंपाकघराचा काटा मात्र यासाठी वापरू नये.

जिवंत उंदीर देऊ नये. घाबरलेला उंदीर चावतो आणि लहान सापाचा डोळा जातो. उंदराचेही हाल होतात. मारून गोठवलेला उंदीर घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात, शक्यतो वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवावा. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढावा. देण्याच्या वेळी बंद पिशवीत घालून ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात १५ ते २० मिनिटे बुडवावा. मग पोट दोन बोटांत हलके दाबून पाहावे : आत सुपारीसारखे कडक लागले, तर गाभा अजून गोठलेलाच आहे. मायक्रोवेव्ह किंवा उकळते पाणी वापरल्यास पोट शिजते आणि फुटते. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवू नये.

भरवणे : पिल्लू घरी आणल्यावर पहिले ५ ते ७ दिवस त्याला हात लावू नये आणि खायलाही देऊ नये. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून हवे आणि ते रोज बदलावे. पहिला घास संध्याकाळी, दिवे मंद करून द्यावा. उंदीर पुसून कोरडा करावा, लांब चिमट्याने कमरेशी धरावा आणि डोके सापाकडे करून हळूच हलवावा. तोंडावर नेऊन टेकवला तर पिल्लू बिचकते. झडप घातल्यावर ते वेटोळ्यात आवळते, मग जिभेने चाचपत डोके शोधते. हा शोध कधी दहा मिनिटे चालतो. तेवढा वेळ चिमटा बाजूला आणि माणूस निश्चल. गिळून झाल्यावर साप जांभई दिल्यासारखा जबडा हलवून जागेवर बसवतो. यानंतर किमान ४८ तास त्याला उचलू नये. खाण्यासाठी वेगळ्या डब्यात हलवण्याची जुनी रीत टाळलेली बरी, कारण पोट भरलेल्या सापाला परत उचलावे लागते.

ओकणे : कारणे बहुतेक वेळा तीनच : मोठे भक्ष्य, थंड पेटी, किंवा खाल्ल्यावर हाताळणे. ओकल्यावर लगेच पुन्हा देण्याची घाई सर्वांत घातक. पोटातले पाचक रस वाया गेलेले असतात आणि अन्ननलिका सोलवटलेली असते. १० ते १४ दिवस फक्त पाणी द्यावे, तापमान तपासावे, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. दुसऱ्यांदा ओकला तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

न खाणे : डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर कात टाकायची वेळ आहे, ती पडेपर्यंत थांबावे. पावसाळ्यातल्या दमटपणात तळाचा कागद ओला राहिला तर खवल्यांना फोड येतात आणि भूकही मरते, म्हणून कागद वरचेवर बदलावा. लपायला जागा नसेल तर बॉल पायथन खातच नाही. त्याला अंगाला घासेल इतकी अरुंद दोन खोपटी हवीत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. नाकारलेला उंदीर टाकून द्यावा आणि पुढचा प्रयत्न ५ ते ७ दिवसांनी करावा. रोज समोर धरल्याने पिल्लू अधिक घाबरते. जबडा उघडून कोंबणे तर घरी कधीच करू नये. पोसलेले पिल्लू काही आठवड्यांचा उपास सहज काढते. मात्र वजन १० टक्क्यांनी उतरले किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा आणि वजनाची वही सोबत न्यावी.