नॉन-अल्कोहोलिक व्हाइट वाइन

आधी नेहमीसारखी व्हाइट वाइन बनवायची आणि मग तिच्यातलं अल्कोहोल काढून टाकायचं, की झाली नॉन-अल्कोहोलिक व्हाइट वाइन. पुण्यात मोठ्या सुपरमार्केटमध्ये थर्टीफर्स्टच्या आसपास सोनेरी कागद गुंडाळलेल्या ज्या बाटल्या मांडलेल्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे नुसता गॅस भरलेला द्राक्षरस, त्यात यीस्ट (रस आंबवून अल्कोहोल तयार करणारं) कधी पडलेलंच नसतं, पण लोक दोन्हीला एकच समजतात. लेबलवर 'डीअल्कोहोलाइज्ड' असं लिहिलेलं असेल तर ती खऱ्या वाइनपासून बनलेली.

रस वाईट असतो असं नाही. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-516 ही द्राक्षाची जात काढलीय, ती रसासाठी चांगली मानतात. पण वस्तू वेगळी.

सुरुवात साध्या वाइनसारखीच. द्राक्षं दाबून रस काढायचा, सालं लगेच बाजूला करायची, गार टाकीत यीस्ट घालून आंबवायचं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर संपली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणजे 12 टक्क्यांच्या वाइनला रसात दोनशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. महाराष्ट्रात व्हाइटसाठी मुख्यतः सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ ह्या द्राक्षांच्या जाती लावतात. नारायणगाव-जुन्नरकडून मार्केट यार्डात येतात ती बहुतेक खायची द्राक्षं, वाइनची वेगळी. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात दोन्हींवर काम चालतं.

खरी कसरत पुढे. मग वाइन उकळून अल्कोहोल उडवलं तर? घरी पातेल्यात तासभर मंद आचेवर ठेवली तरी जवळपास पाव भाग अल्कोहोल उरतं, आणि वास मात्र कधीच गेलेला असतो. अल्कोहोल एरवी 78 अंशांना उकळतं, पण हवेचा दाब पुरेसा कमी केला की तिशीच्या आसपासच निघायला लागतं, म्हणून कारखान्यात व्हॅक्यूम वापरतात. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या र्‍यूडेसहाइम गावच्या कार्ल युंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ह्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे हे काही हल्लीचं फॅड नाही.

आता स्पिनिंग कोन कॉलम नावाचं मशीनही वापरतात. उभा स्टीलचा खांब, आत उलटे शंकू, एक स्थिर एक फिरता असे एकाआड एक. वाइन त्यांच्यावरून पातळ थर होऊन खाली येते आणि खालून वाफ वर जाते. पहिल्या फेरीत फक्त सुगंध काढून बाजूला ठेवतात, दुसऱ्या फेरीत थोडं तापमान वाढवून अल्कोहोल काढतात, मग सुगंध परत मिसळतात. रिव्हर्स ऑस्मोसिसची पद्धतही आहे, घरातल्या आरओचं तेच तत्त्व: दाबाने पाणी आणि अल्कोहोल जाळीतून पलीकडे जातं, आम्ल, रंग, चव बरीचशी अलीकडेच राहते, नंतर पाणी परत घालतात.

एवढं करूनही चव हुबेहूब येत नाही, हे सरळ सांगायला हवं. अल्कोहोलमुळे वाइनला जाडी येते आणि वासही त्याच्यावरच तरंगतो. ते गेलं की उरतं ते साय काढलेल्या दुधासारखं पातळ. रेडमध्ये सालीचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, तरी असतो, व्हाइटमध्ये तोही जेमतेम, त्यामुळे आंबटपणा एकदम पुढे येतो, आणि तो झाकायला बरेच जण द्राक्षरस किंवा साखर घालतात. रीसलिंग, मस्कतसारखी वासाची द्राक्षं त्यातल्या त्यात तग धरतात. फसफसणारी असेल तर अजून बरं, बुडबुडे थोडी उणीव भरून काढतात. डायबिटीस असणाऱ्यांनी मात्र मागचा साखरेचा आकडा बघूनच घ्यावी.

'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे शून्यच असं नाही. भारतात एफएसएसएआय ह्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत 0.5 टक्क्यांच्या वरचं पेय अल्कोहोलिक धरतात, म्हणजे त्याच्या आत किंचित असू शकतं. धर्मामुळे किंवा गरोदरपणात अजिबात नको असेल तर 0.0 लिहिलेली शोधावी. अल्कोहोल नसल्यामुळे ती टिकतही कमी. उघडली की फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची.