लहान टर्बो इंजिनाचे ट्यूनिंग

साधारण १,००० ते १,५०० सीसी क्षमतेच्या, टर्बोचार्जर बसवलेल्या पेट्रोल इंजिनात आत ढकलल्या जाणाऱ्या हवेचा दाब, ठिणगीची वेळ, इंधनाचे प्रमाण आणि व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ यांचा मेळ घालून शक्ती आणि इंधनाची बचत साधण्याच्या कामाला ट्यूनिंग म्हणतात. उत्पादकाकडे हे काम ‘कॅलिब्रेशन’ म्हणून अनेक महिने चालते. गॅरेजमध्ये तेच ‘रीमॅप’ या नावाने, बहुधा एका दिवसात उरकले जाते. दोन्ही ठिकाणी बदल होतो तो ईसीयूमधील (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील) तक्त्यांत, म्हणजे इंजिनाची गती आणि त्यावरचा भार पाहून कोणता दाब, किती इंधन आणि क्रँकशाफ्टच्या फेरीत कोणत्या अंशाला ठिणगी हे ठरवणाऱ्या आकड्यांत.

बाहेर जाणाऱ्या धुराच्या ऊर्जेवर हवा दाबून इंजिनात भरण्याच्या कल्पनेचे, म्हणजे टर्बोचार्जरचे, पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी या इंजिनांची मूळ अडचणही उघड झाली. ओल्ड्समोबिल जेटफायरच्या इंजिनात नॉकिंग (हवा-इंधनाच्या मिश्रणाचे आपोआप, अवेळी पेटणे) टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे, आणि ती टाकी मालकाने भरत राहावी अशी अपेक्षा होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साब कंपनीने नॉकिंगचा कानोसा घेणारा सेन्सर बसवून त्याच्या संकेतावर टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी यंत्रणा आणली. आजच्या ट्यूनिंगचा पाया म्हणजे हीच कल्पना, असे म्हणता येईल.

इंजिन लहान करण्यामागचे कारण समजायला थोडा हिशेब करावा लागतो. सपाट रस्त्यावर ताशी ८० किमी वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीला जेमतेम १० किलोवॅट शक्ती लागते. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर त्यासाठी सुमारे ४८ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. दोन लिटरच्या इंजिनात याचा अर्थ पिस्टनवर सरासरी ३ बार दाब, तर एक लिटरच्या इंजिनात ६ बार. पेट्रोल इंजिन कमी भारावर चालताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असते आणि हवा ओढून घेण्यातच बरेच काम वाया जाते. लहान इंजिन त्याच कामासाठी अधिक भारावर चालते, म्हणून थ्रॉटल जास्त उघडे राहते आणि हा अपव्यय घटतो. घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना कमी पडणारी शक्ती टर्बो पुरवतो. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या गाड्यांतील ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे टीएसआय (टर्बो आणि थेट इंधनफवारणीचे) इंजिन ११५ पीएस (अश्वशक्ती) शक्ती आणि १,७५० फेऱ्यांपासून १७८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पिस्टनवरील सरासरी परिणामी दाबाच्या भाषेत हे २२ बारहून अधिक भरते, तर टर्बो नसलेल्या इंजिनात हाच आकडा १२ बारच्या आसपास असतो. भारतात या आकाराला करप्रणालीनेही हातभार लावला, कारण चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांवर कर कमी असतो.

दाब वाढवला की शक्ती वाढते, हे खरे असले तरी ट्यूनिंगचा कस तिथे लागत नाही. २७ अंश सेल्सिअसची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, म्हणजे कॉम्प्रेसरची, कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. अशी हवा विरळही असते आणि नॉकिंगला आमंत्रणही देते. नॉकिंगमध्ये ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि त्याच्या दाबलहरी पिस्टनवर आदळतात. ते टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. उशिराच्या ठिणगीमुळे दाब पिस्टन खाली गेल्यावर वाढतो, त्याचे काम कमी होते आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बाइनवर, म्हणजे धुराने फिरणाऱ्या टर्बोच्या चक्रावर, जाते. म्हणजे एकाच दुरुस्तीत शक्ती गेली, इंधन गेले आणि टर्बोही तापला. यासाठीच शक्ती आणि किफायत यांना परस्परविरोधी मानणे फारसे बरोबर नाही. सर्वाधिक टॉर्क देणाऱ्या क्षणाच्या जितके जवळ ठिणगी आणता येईल, तितके दोन्हीचे भले होते. त्यामुळे दाबाचा आकडा वाढवण्यापेक्षा मोठा आणि नीट वारा लागणारा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग), योग्य ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला पुरेसा विरोध करणारे, पेट्रोल आणि स्वच्छ इंजेक्टर यांचा लाभ अधिक भरवशाचा ठरतो.

ट्यूनरचे खरे वाचन लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना घेतलेल्या नोंदींत, असते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांवर आणून पॅडल पूर्ण दाबायचे आणि ५,५०० फेऱ्यांपर्यंत प्रत्येक क्षणाची मागितलेला दाब, मिळालेला दाब, आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे ओढली (म्हणजे उशिरा टाकली) गेली, अशी नोंद घ्यायची. तिन्ही सिलिंडरांत तीन-तीन अंशांची माघार दिसली तर दाब किंवा तापमान जास्त आहे, अथवा पेट्रोल कमी ऑक्टेनचे आहे. दोन सिलिंडर शून्यावर आणि एकटा तिसराच मागे असेल तर तक्त्याला हात न लावता त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर आणि आत साचलेला कार्बन तपासावा. भोर घाटात मे महिन्याच्या दुपारी घेतलेला लॉग आणि जानेवारीच्या पहाटेचा लॉग यांत पडणारा फरक पाहिला, की एकाच चाचणीवर तक्ता कायम करू नये हे पटते.

पूर्ण भारावर एक्झॉस्टचे तापमान आवरायला इंधन रासायनिक गरजेपेक्षा जास्त देण्याची पद्धत जुनी आहे. शुद्ध पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचे आदर्श प्रमाण वजनाने १४.७ ला १ असते, पण जोरात चालताना इंधन दहा-पंधरा टक्क्यांनी वाढवले जाते. पेट्रोल टर्बोची टर्बाइन बहुधा ९५० अंशांच्या आसपासच्या धुरासाठी बनवलेली असते आणि हे जादा इंधन तिला वाचवते. मात्र ते न जळता वाया जाते, आणि धुरातील प्रदूषके घटवणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे कामही त्या वेळी बिघडते. हलक्या भारावर मात्र उत्पादकाने ठिणगी आणि मिश्रण आधीच उत्तम जागी ठेवलेले असते. म्हणून रीमॅपनंतर मायलेज वाढल्याचे जे अनुभव सांगितले जातात, त्यांचे श्रेय बहुतेक वेळा खालच्या फेऱ्यांवर वाढलेल्या टॉर्कमुळे लवकर वरचा गिअर टाकण्याला द्यावे लागेल.

त्या खालच्या फेऱ्यांतच एक मोठा धोका दडलेला आहे. सुमारे १,५०० ते २,५०० फेऱ्यांत जास्त भार टाकल्यास ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकते. सिलिंडरमध्ये शिरलेले इंजिन ऑइलचे थेंब आणि सुटलेले कार्बनचे कण यांना त्यासाठी जबाबदार धरतात, आणि अशा एखाद्याच स्फोटाने पिस्टनची रिंगपट्टी तुटू शकते. या प्रकारासाठी ठिणगी मागे घेणे निरुपयोगी असते, कारण ठिणगी अजून पडलेलीच नसते. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त घटक हा प्रकार वाढवतात असे दिसल्याने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘एपीआय एसपी’ दर्जाच्या ऑइलमध्ये त्याची चाचणी समाविष्ट झाली. १,५०० फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क देणारा रीमॅप चालवायला सुखद वाटतो, तरीही तो टाळावा.

इंजिनापलीकडच्या मर्यादाही कठोर असतात. टायगुनच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे आणि त्याच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सची मर्यादाही तितकीच, म्हणजे तिथे वाढीला जागाच ठेवलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही.

भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आल्यापासून या कामाची आकडेमोड बदलली आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. त्यामुळे थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणाऱ्या इंजिनात मिश्रण थंड राहते आणि ठिणगी पुढे आणता येते. आदर्श प्रमाण मात्र १३.५ ला १ च्या आसपास उतरते, आणि एका लिटरमधील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी असते. परिणामी ठिणगीचा तक्ता या इंधनासाठी नीट बसवलेल्या गाडीची कार्यक्षमता सुधारूनही लिटरमागे मिळणारे किलोमीटर घटलेले दिसू शकतात. म्हणून दोन ट्यूनिंगची तुलना करायची तर एकाच इंधनावर करावी, आणि ती लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरपेक्षा प्रति किलोमीटर खर्च झालेल्या ऊर्जेवरून करणे अधिक योग्य.