केइली ठरवताना: आधी चालून का बघायचं

लग्न असो की साठीशांत, स्कॉटलंडमधल्या मराठी घरांतून केइलीसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायच्या स्कॉटिश कार्यक्रमासाठी, आमचा बँड ठरवताना एक विनंती हमखास येते. "शिकवण्यात वेळ घालवू नका, सरळ वाजवायला लागा. मंडळी बघून बघून करतील." याला आम्ही नाही म्हणतो. आधी संगीताशिवाय पावलं चालून बघायला लावतो. कारण एकदा नीट सांगतो.

गे गॉर्डन्स बघून जमतो. जोडीचा नाच आहे, पुढच्या जोडीच्या मागे चाललं की झालं. म्हणून सुरुवात आम्ही त्यानंच करतो. पण सगळ्यांना हवा असतो डॅशिंग व्हाइट सार्जंट, आणि तो तसा जमत नाही.

त्यात हॉलभर तिघांसमोर तिघे उभे राहतात. रीलची, म्हणजे जलद स्कॉटिश नाचाची, चाल ३२ बारांची (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन), आठ-आठचे चार तुकडे. पहिल्या आठात सहा जणांचं कडं डावीकडे जाऊन परत येतं. दुसऱ्यात मधला माणूस आधी उजवीकडच्याबरोबर, मग डावीकडच्याबरोबर फिरतो. तिसऱ्यात तिघे इंग्रजी आठचा आकडा काढत एकमेकांना वळसे घालतात. चौथ्यात दोन्ही ओळी पुढे येऊन मागे जातात, मग एक ओळ हात उंचावते, दुसरी खालून निघते आणि दोघींसमोर नवे तिघे येतात. फिडल (व्हायोलिन) थांबत नाही. पुढच्या बारला नवं कडं सुरू झालेलं असतं. एक तिकडी जागीच राहिली तर मागच्यांना जायला वाट नाही, पुढच्यांसमोर कुणी नाही, आणि बघता बघता सगळा हॉल अडतो.

चालून बघायला तीन मिनिटं लागतात. अडलेला हॉल पुन्हा लावायला दहा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र वेगळ्याच गोष्टीत जातो. चालून बघितल्यावर कुणीतरी "फोटो काढून आलोच" म्हणून निघतो आणि त्याच्या जागी न शिकलेला मामेभाऊ उभा राहतो. कृपया हे टाळा. चालून बघितलं ती तिकडी नाच संपेपर्यंत मोडू नका. ज्यांना नाचायचं नाही त्यांनी आधीच बसावं, आम्हाला मुळीच राग नाही.

या नाचाला जोडी लागत नाही, हे आवर्जून सांगतो. दोन नातवंडांच्या मध्ये आजी, ही आमची सर्वात आवडती तिकडी.

शेवटी ऑर्केडियन स्ट्रिप द विलो. हॉलभर दोन लांब रांगा आणि नुसत्या गिरक्या. फुगडी खेळलेल्या बायका यात फार छान फिरतात, पण फुगडीच्या सवयीनं एक फेरा जास्त घेतात. तोवर रांगेतल्या पुढच्या माणसाचा हात वाट बघत असतो. वेळेवर सोडायचं, एवढं लक्षात ठेवा. पदर खोचलेला आणि चप्पल सपाट असावी.

"हिंदी गाण्यावर हाच नाच करता येईल का?" असंही विचारतात. मुखडा, अंतरा आणि मधले वाद्यांचे तुकडे ३२ बारांत नेमके बसतीलच असं नाही, त्यामुळे पावलं आणि गाणं लवकरच वेगळ्या वाटेला लागतात. ती गाणी आमच्या विश्रांतीत खुशाल लावा.

अकॉर्डियन, फिडल आणि ड्रम समोर असण्याचा फायदा इथेच आहे. हॉल रंगला असेल तर आम्ही आणखी दोन फेरे वाजवतो, आजी दमल्या तर लय उतरवतो. रेकॉर्डिंगला आजी दिसत नाहीत.

कार्यक्रमाच्या आठवड्यात घरच्यांसाठी तासाभराचा सराव आम्ही बुकिंगमध्येच देतो. दहा-बारा जण तयार असले की बाकीचा हॉल त्यांच्यामागून येतो. तारीख ठरवतानाच सरावाचा दिवसही कळवा, आणि केइली जेवणाच्या आधी ठेवा.