ऑपरेशनल रिसर्च आणि कार्यक्रम-मूल्यमापन: दोन घराणी, एक नोंदवही

सार्वजनिक आरोग्याच्या प्रकल्प-अहवालांत ऑपरेशनल रिसर्च (चालू काम कसे सुधारावे याचा शोध) आणि कार्यक्रम-मूल्यमापन (कार्यक्रमातून काय साधले याची तपासणी) ही दोन नावे बहुधा जोडीने येतात आणि पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. पद्धतींकडे पाहून त्यांच्यातला फरक शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही, कारण नमुना निवड, मुलाखती, नोंदींचे विश्लेषण ही साधने दोन्हीकडे सारखीच आहेत. फरक आहे तो प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोणाला हवे आहे यात, आणि तो दोघांच्या जन्मकथेतच सापडतो.

ऑपरेशनल रिसर्च हे युद्धाचे अपत्य. १९३७-३८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बॉडसी येथील रडार केंद्रात हे नाव रूढ झाले. रडार तयार होते, पण त्याने दिलेली माहिती लढाऊ विमानांपर्यंत वेळेत कशी पोहोचवायची, हा प्रश्न उपकरणाचा नव्हता, कामाच्या रीतीचा होता. पुढे भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट (१९४८ चे नोबेल मिळवणारे) आणि त्यांचे सहकारी पाणबुडीविरोधी हल्ल्यांकडे वळले. विमानातून टाकलेला स्फोटक गोळा सुमारे १०० फूट खोलीवर फुटेल अशी योजना असे. पण हल्ल्यांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, नेम साधता येतो तो पाणबुडी पृष्ठभागावर किंवा नुकतीच बुडी मारत असतानाच. स्फोटाची खोली २५ फुटांच्या आसपास आणली गेली आणि त्याच गोळ्यांचा परिणाम कितीतरी वाढला. नवे शस्त्र न आणता, हाताशी असलेल्या नोंदींतून चालू कामातच दुरुस्ती सुचवायची, हा या घराण्याचा स्वभाव तिथेच ठरला.

आरोग्यक्षेत्रात तो लवकरच आला. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये बाह्यरुग्ण विभागातील वेळापत्रक आणि रुग्णांचे ताटकळणे यांवर गणिती अभ्यास झाला होता. मात्र माझ्या मते खरा टप्पा बंगळूरूचा आहे. १९५९ मध्ये तिथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, तेव्हा क्षयरुग्ण शोधण्यासाठी फिरत्या क्ष-किरण गाड्या घेऊन लोकांच्या दारी जावे, असा विचार प्रबळ होता. संस्थेतील संशोधक डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात वेगळाच प्रश्न विचारला: ज्यांना हा रोग आहे ते स्वतः काय करतात? बहुतेकांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण आपणहून दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले जात होते. रुग्ण शोधायला गाडी नव्हे, तर दवाखान्यात आलेल्या खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासणारा सूक्ष्मदर्शक हवा, हा निष्कर्ष त्यातून निघाला, आणि १९६२ पासूनचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेशी जोडला गेला. तो अभ्यास ऑपरेशनल रिसर्च होता की प्रचलित सेवेचे मूल्यमापन, हा वाद तेव्हा कोणी घातला नाही. घातला असता तर निकाली निघाला असता असेही वाटत नाही.

मूल्यमापनाची वंशावळ मात्र हिशेबाच्या वहीतून निघते. १९६० च्या दशकात अमेरिकन सरकारने सामाजिक कार्यक्रमांवर मोठा खर्च सुरू केला आणि १९६५ च्या शालेय शिक्षण कायद्यात मूल्यमापनाची अट घालण्यात आली. आरोग्यसेवेसाठी अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये रचना (साधने आणि व्यवस्था), प्रक्रिया (प्रत्यक्ष दिलेली सेवा) आणि परिणाम (रुग्णाला झालेला फायदा) ही त्रयी मांडली. त्यानंतर एडवर्ड सचमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी मूल्यमापनाला संशोधनाची शिस्त लावली. इथे मूळ प्रश्न ‘काम कसे सुधारू?’ हा नसून ‘दिलेल्या पैशाचे काय झाले?’ हा होता, आणि विचारणारा सहसा कार्यक्रमाच्या बाहेर बसलेला असे. १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी काम चालू असताना सुधारणेसाठी केलेले आणि काम संपल्यावर निवाड्यासाठी केलेले, असे मूल्यमापनाचे दोन प्रकार पाडले. त्यातला पहिला प्रकार ऑपरेशनल रिसर्चच्या अंगणातच येऊन उभा राहतो.

दोन्ही घराणी एका नोंदवहीत कशी भेटतात, हे पुन्हा क्षयरोगातच नीट दिसते. क्षयरोगतज्ज्ञ कारेल स्टिब्लो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात अशी पद्धत बसवली की, दर तिमाहीत नोंदलेल्या सर्व रुग्णांचा एक गट धरायचा आणि त्यातले किती बरे झाले, किती दगावले, किती उपचार सोडून गेले याचा हिशेब द्यायचा. हे निखळ मूल्यमापन. पण प्रयोगशाळेची वही आणि उपचारांची वही शेजारी ठेवून ओळीने नावे जुळवत गेले, तर थुंकीत जंतू सापडूनही उपचारांच्या वहीत नाव नसलेले रुग्ण दिसू लागतात. हे रुग्ण कोणत्याही तिमाही टक्केवारीत येत नाहीत, कारण ती टक्केवारी उपचार सुरू झालेल्यांचीच असते. ते कुठे गळाले, अहवाल मिळायला उशीर झाला का, उपचार केंद्र लांब पडले का, आणि तपासणीच्या दिवशीच औषध सुरू केले तर गळती थांबेल का, हे विचारायला लागले की ऑपरेशनल रिसर्च सुरू झाले.

२००२ मध्ये ग्लोबल फंड (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) स्थापन झाल्यानंतर आंतरराष्ट्रीय निधीबरोबर देखरेख आणि मूल्यमापनाचे तक्तेही वाढले, आणि निधी देणाऱ्यांना पाठवायचे आकडे गोळा करण्यातच कर्मचाऱ्यांचा वेळ जाऊ लागल्याची तक्रार होऊ लागली. त्याच दशकाच्या शेवटी ऑपरेशनल रिसर्चची नवी व्याख्या पुढे आली: कार्यक्रमाची गुणवत्ता, परिणामकारकता किंवा व्याप्ती वाढवू शकणाऱ्या उपाययोजना, धोरणे आणि साधने यांविषयीच्या ज्ञानाचा शोध. २००९ पासून कार्यक्रमातल्याच डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना आपल्याच नोंदींवर शोधनिबंध लिहायला शिकवणारे अभ्यासक्रम सुरू झाले. तेव्हापासून एक कारकुनी वाटणारा, पण खराच अवघड प्रश्न नीतिमत्ता समित्यांपुढे येत राहिला आहे: नित्याच्या मूल्यमापनाला सहसा परवानगी लागत नाही, संशोधनाला लागते, मग त्याच वहीतली तीच नावे जुळवणाऱ्या कर्मचाऱ्याने अर्ज नेमका कोणत्या दिवशी करायचा?