किरणं कुठवर पोचणार?

रहस्यकथेचा शेवट आधीच फोडला की मजा जाते, असं आपण धरूनच चालतो. पण २०११ साली सॅन दिएगोच्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी काही वाचकांना लघुकथांचा शेवट आधीच सांगून टाकला, आणि त्यांनाच त्या कथा थोड्या जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत नेमकं उलटं निघालं. म्हणजे गोम शेवट कळण्यात नसावी.

मला जास्त पटतो तो टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग. ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात अनोळखी माणसाने एक कार्ड दिलं, त्यावर एक डॉलरचं नाणं चिकटवलेलं. मजकूर सगळ्यांना तोच. फक्त काहींच्या कार्डावर ‘आम्ही कोण?’, ‘हे का करतो?’ असे प्रश्न वर छापून तीच वाक्यं उत्तरांसारखी मांडली होती. नवी माहिती शून्य! तरी पाच मिनिटांनी पाहिलं तर प्रश्नोत्तरं नसलेल्या कार्डवाल्यांचा आनंद जास्त टिकला होता. उत्तर मिळाल्यासारखं वाटलं तरी मन तो विषय बंद करतं.

मग कोल्हापुरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं देवळातल्या मूर्तीपर्यंत पोचतात ते पाहायला, गर्दी का होते? त्याचं कोडं तर कधीच सुटलंय. देऊळ पश्चिमाभिमुख. २१-२२ डिसेंबरच्या साधारण चाळीस दिवस आधी आणि तेवढ्याच दिवसांनी नंतर सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी, पश्चिमेच्या सतरा-अठरा अंश दक्षिणेला मावळतो. म्हणून ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. सूर्य खाली उतरतो तशी आडवी होत जाणारी किरणं मूर्तीवर वर चढतात: आधी चरण, मग गुडघे, कंबर, आणि जमलंच तर चेहरा. तारखा तर सगळ्या गावाला पाठ.

पण ‘का’ सुटलं तरी ‘आज होईल का’ हे शिल्लक राहतं. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. धूळ, बाष्प, एखादा ढग आडवा आला की किरणं वाटेतच फिकी पडतात. गणित हे सांगत नाही. माझ्या मते गर्दी खेचते ती श्रद्धेबरोबर ही धाकधूकही. चेहरा उजळला की पूर्ण क्षमतेने किरणोत्सव झाला म्हणायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी ढगांवर आणि किरणांच्या वाटेत आलेल्या इमारतींवर चर्चा ठरलेलीच.